लक्षद्वीपला जाण्याआधी

कोकण रेल्वेच्या वाटेवर राहणाऱ्यांना ‘मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस’ हे नाव तोंडपाठ असते. रत्नागिरीच्या फलाटावर ही गाडी थांबते, निघून जाते. नावात लक्षद्वीप असले तरी ती लक्षद्वीपला जात नाही. तिचा प्रवास एर्नाकुलमला संपतो. खरी बेटे तिथून पुढे, अरबी समुद्रात 220 ते 440 किलोमीटर आत आहेत. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या भेटीची छायाचित्रे सगळीकडे झळकली आणि तेव्हापासून आपल्या घराघरांत लक्षद्वीपचे नाव निघू लागले. आम्ही सहकुटुंब तिथे जाऊन आल्याचे कळल्यावर नातेवाईक आणि शाळेतले सहकारी विचारू लागले : परवाना कसा काढायचा? जेवण हलाल मिळते का? बायकामुलांना मोकळेपणाने पाण्यात उतरता येते का?

ही उत्तरे पुढे येतीलच. पण आमच्यापेक्षा चांगली उत्तरे देणारी व्यक्ती आम्हाला कवरत्ती बेटावर भेटली. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो ते निवृत्त शिक्षक. मलयाळममध्ये शिक्षकाला ‘माष’ म्हणतात. सारे बेट त्यांना याच नावाने ओळखते, म्हणून आम्हीही माषच म्हणू लागलो. आम्हीही शिक्षकच, तेव्हा ते आम्हालाही माष म्हणत. मगरिबनंतर ओट्यावर बसून ते मोडक्यातोडक्या हिंदीत आणि थोड्या इंग्रजीत एकेक गोष्ट समजावून सांगत. या लेखातला सल्ला मुख्यतः त्यांचा आहे. माहितीची जोड आमची.

आधी परवाना, मग तिकीट

लक्षद्वीपचा रहिवासी नसलेल्या प्रत्येकाला, मग तो भारतीय नागरिक का असेना, तिथे पाऊल ठेवण्यासाठी प्रवेश परवाना लागतो. त्याचे नियम 1967 सालापासून आहेत. कोणत्या बेटावर जायचे ते परवान्यावर लिहिलेले असते. पर्यटकांसाठी प्रशासनाची ‘स्पोर्ट्स’ या नावाची संस्था आहे. तिच्या ‘समुद्रम’ सहलीत जहाज कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय या तीन बेटांना नेते. दिवस बेटावर, रात्र जहाजात. आमच्यासारखे घरगुती मुक्कामालाही राहता येते, पण परवाना हाती आल्याशिवाय कोचीपर्यंतची तिकिटे काढू नयेत. नियम आणि शुल्क बदलत असतात, म्हणून जाण्याआधी प्रशासनाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

परवान्याचा हा त्रास कशासाठी, असे आम्ही माषना विचारले. त्यांनी आकड्यांत उत्तर दिले. बेटे 36, त्यांत वस्तीची फक्त 10. सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी 32 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 64,473. म्हणजे दर चौरस किलोमीटरला दोन हजारांहून अधिक माणसे. “माष, तुमच्या वर्गात साठ मुले बसतात आणि बाके तीसच आहेत. दारात उभे राहून कोण आत येते ते तुम्ही पाहणार की नाही?” त्यांच्या या प्रश्नानंतर आम्ही परवान्याची तक्रार केली नाही.

जहाजातली जागा कुणाची?

अगत्ती बेटावर विमानतळ आहे. कोचीहून तासा-दीड तासात विमान पोचते आणि पुढे बोटीने इतर बेटांवर जाता येते. जहाजाला मात्र बेटाप्रमाणे चौदा ते वीस तास लागतात. आम्ही जहाजाने गेलो. ते स्वस्तही पडते, आणि किती दूर आलो याचा अंदाजही मुलांना येतो. अनेक बेटांवर मोठे जहाज किनाऱ्याला लागू शकत नाही. ते खोल पाण्यात उभे राहते आणि लहान बोटी येऊन माणसांना उतरवून नेतात. भरल्या लाटेवर जहाजाच्या दारातून बोटीत पाऊल टाकावे लागते. खलाशी हात धरून अलगद उतरवतात, पण गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांनी याचा विचार आधीच करावा. सामान पाठीवर मावेल एवढेच असावे.

ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ जाण्यासाठी चांगला. पावसाळ्यात समुद्र कसा असतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

माषनी तिकिटाबद्दल एक गोष्ट बजावून सांगितली. बेटावर रुग्णालय आहे, पण मोठ्या आजाराचा रुग्ण कोचीलाच न्यावा लागतो. अगदी निकड असेल तर हेलिकॉप्टर, एरवी जहाजच. कॉलेजची मुले, बाळंतीण, कर्करोगाचा रुग्ण, लग्नाचे वऱ्हाड, सगळ्यांचा रस्ता तोच एक. पर्यटकांसाठी जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात तरी जहाजे मोजकी आहेत. “बेत रद्द झाला तर तिकीट त्याच दिवशी परत करा. शेवटच्या दिवसापर्यंत अडवून धरू नका. तुमची सहल पुढच्या वर्षी होईल. आमच्या माणसाची तपासणीची तारीख पुढे जात नाही.” रोजची औषधे मुक्कामाच्या दुप्पट दिवसांची बरोबर घ्यावीत, हाही त्यांचाच सल्ला. हवा बिघडली तर जहाज थांबते.

वाळूखालचे गोडे पाणी

कवरत्तीवर नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. बेट समुद्रापेक्षा जेमतेम काही मीटर उंच. चारी बाजूंना खारे पाणी, आणि तरीही घराघरांत विहीर. आमच्या मुलांना याचे फार नवल वाटले. माषनी परसातली विहीर दाखवत सांगितले, की पावसाचे पाणी वाळूतून आणि पोवळ्याच्या खडकातून झिरपते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोडे पाणी हलके, खारे जड. वरणावर तूप तरंगावे तसा हा गोड्या पाण्याचा थर बेटाच्या पोटात असतो. तो पातळ आहे. बादलीने हलकेच उपसले तर टिकतो. पंप लावून जोरात ओढले, की खालचे खारे पाणी वर चढते. शेजारच्या संडासाच्या टाकीतले पाणीही त्याच वाळूतून झिरपत तिकडेच जाते.

पिण्याच्या पाण्यासाठी 2005 मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने कवरत्तीला एक प्रकल्प उभारला. वरचे कोमट समुद्राचे पाणी कमी दाबाखाली वाफ करायचे आणि सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंडगार पाण्याने ती वाफ पुन्हा पाण्यात बदलायची. क्षमता दिवसाला एक लाख लिटर. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. माषनी आमच्या मुलीला भागाकार करायला लावला. 2011 मध्ये कवरत्तीची लोकसंख्या अकरा हजारांहून अधिक होती. उत्तर आले : माणशी नऊ लिटरसुद्धा नाही. “आता सांग बेटी, तुमच्या घरी न्हाणीघरात एका वेळी किती बादल्या लागतात?” मुलगी गप्प बसली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सारे एका बादलीत आटोपू लागलो.

वुजू करतानाही पाणी उधळू नये, हे आपण सगळे मदरशात शिकतो. तिथल्या मशिदींच्या आवारात पाण्याची लहान कुंडे असतात. लोक तिथे बसून सावकाश, थोडक्या पाण्यात वुजू करतात. पूर्ण सोडलेला नळ आणि खळाळते पाणी आम्हाला कुठेच दिसले नाही.

लगूनमध्ये उतरताना

बेटाच्या एका अंगाला पोवळ्यांची भिंत आणि तिच्या आत उथळ, शांत, हिरवे-निळे पाणी. तिथे सगळे त्याला लगून म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात आपण ‘कंकणद्वीप’ शिकलो ते हेच. बाहेरचा समुद्र भिंतीवर आपटून फुटतो आणि आत मुले निर्धास्त पोहतात. भिंत नसती तर बेटच नसते.

पोवळे म्हणजे दगड नव्हे. लाखो बारीक जीव चुन्याची घरे बांधतात, त्यांची ती वसाहत. गोल, दगडासारखी दिसणारी पोवळी वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. टेकायला म्हणून त्यावर पाय दिला तर कित्येक वर्षांची वाढ एका क्षणात मोडते. समुद्र अतिशय तापला की पोवळी पांढरी पडतात आणि पुष्कळशी मरतात. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010, 2016 आणि पुन्हा 2024 मध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडले. बंगारमजवळचे परळी-1 नावाचे निर्मनुष्य बेट तर झिजत झिजत पूर्ण नाहीसे झाले. 1968 च्या नकाशात ते होते.

म्हणून माषचे नियम सोपे आणि कडक आहेत. तरंगा, पाहा, पण उभे राहायचे ते फक्त वाळूत. अंगाला क्रीम थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचे कपडे घालून पाण्यात उतरा. आपल्या भगिनींना यात अडचण नाहीच. आमच्या घरातल्या बायका अंगभर पोहण्याचे कपडे घालून निःसंकोच उतरल्या. कुणी वळूनही पाहिले नाही. किनाऱ्यावर आणि गावात पुरुषांनीही गुडघ्याखाली कपडे ठेवावेत. स्थानिकांना ते आवडते.

शंखशिंपल्यांबद्दलही ऐका. मुलांनी पहिल्याच संध्याकाळी ओंजळभर शंख गोळा केले. माषनी त्यांतला एक ताटलीत ठेवला आणि सगळ्यांना शांत बसायला सांगितले. थोड्या वेळाने शंखाला पाय फुटले आणि तो चालू लागला. आत खेकडा राहत होता. त्याचे स्वतःचे कवच मऊ असते, म्हणून तो रिकामा शंख शोधून त्यात घर करतो. वाढला की मोठा शंख शोधतो. “सगळे पर्यटक शंख घेऊन गेले तर हा कुठे राहील?” मुले उठली आणि सगळे शंख जागच्या जागी ठेवून आली. पोवळ्याचा तुकडा तर बरोबर नेणे गुन्हाच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पोवळ्यांना, तसेच समुद्रकाकडीसारख्या जिवांना संरक्षण दिलेले आहे.

ताटात काय मागावे

हलालची चिंता नको. बेटांवरची जवळजवळ सगळी वस्ती मुसलमान आहे. पर्यटकांसाठी राखलेले बंगारम सोडले तर सर्वत्र दारूबंदी आहे. जेवणात भात, नारळ आणि मासे. मासे म्हणजे मुख्यतः ट्युना, ज्याला कोकणात आपण कुपा किंवा गेदर म्हणतो. तो पकडण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. जिवंत बारीक मासळी पाण्यात फेकायची आणि ट्युनाचा थवा वर आला की बांबूच्या गळाने एकेक मासा ओढून बोटीत टाकायचा. मोठे जाळे नाही, त्यामुळे नको तो जीव त्यात मरत नाही. हाच ट्युना उकडून, धुरावर धरून, वाळवून ‘मास’ करतात. तो लाकडासारखा कडक होतो आणि महिनोन्महिने टिकतो.

माषचा आग्रह असा, की हॉटेलात ट्युनाच मागा. पोवळ्यांतले रंगीत मासे मागू नका. त्यांतला पोपटमासा चोचीने पोवळे कुरतडतो आणि त्याची वाळू बनवतो. आपण ज्या पांढऱ्या वाळूवर फोटो काढतो तिच्यात त्याच्या श्रमाचा मोठा वाटा आहे. पाहुण्यांची मागणी वाढली की हेच मासे पकडले जातात.

गोडात किलांजी जरूर खा. तांदूळ-अंड्याचे कागदासारखे पातळ घावन आणि सोबत गुळाचे नारळदूध. माडाची ताजी नीरा आटवून काकवी आणि गूळ करतात. खोबरे-गुळाचा ‘उंडा’ केळीच्या वाळक्या पानात बांधून विकतात. घरी आणायला हीच उत्तम भेट. परसात एक झाड ओळखीचे निघाले, निरफणस. आपल्याकडे त्याची कापे तळतात असे सांगताच घरातल्या बाईंनी दुसऱ्या दिवशी आमच्याकडून ती करवून घेतली.

घर कुणाचे?

पाहुण्याने एक रीत समजून घेतली पाहिजे. इथली घरे परंपरेने आईच्या वंशाची. घराणे, ज्याला तरवाड म्हणतात, आईकडून चालते. पूर्वी नवरा रात्री बायकोच्या घरी येई आणि दिवसा आपल्या आईच्या घरी कामाला जाई. आता जोडपी बहुतेक एकत्र राहतात, पण घरात बाईचा शब्द वजनदार आहे. मालमत्तेचेही दोन भाग मानत : ‘शुक्रवारची’ म्हणजे तरवाडाची, आईच्या वंशाने चालणारी, आणि ‘सोमवारची’ म्हणजे स्वतः कमावलेली, जिची वाटणी शरीयतप्रमाणे करता येई. मूळच्या आंबर्डेकर असलेल्या मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी कल्पेनी बेटाचा अभ्यास करून 1969 मध्ये यावर पुस्तक लिहिले. इस्लाम आणि आईकडून चालणारा वंश एकत्र कसे नांदतात, हा त्यांचा विषय.

आम्ही मुक्कामाचे पैसे माषच्या हाती देऊ लागलो तेव्हा त्यांनी हसून पत्नीकडे बोट केले. “घर त्यांचे आहे. मी इथे चाळीस वर्षांचा पाहुणा.” हे ऐकताना आम्हाला आपल्याकडची हक्कसोडपत्रे आठवली. शरीयतने दिलेला वाटासुद्धा बहिणीने भावासाठी ‘खुशीने’ सोडावा, अशी आपल्या कितीतरी घरांत अपेक्षा असते. बेटावरची रीत आपण उचलावी असे नाही. पण जो वाटा आपल्यालाही मान्य आहे तो तरी बहिणीला द्यावा.

मुसलमान म्हणून सवलत नको

माषनी हे खास आपल्या वाचकांसाठी सांगितले असे समजा. “बरेच मुसलमान पाहुणे येतात आणि म्हणतात, आपलीच माणसे, आपलेच बेट. मग न विचारता घरात शिरतात, बायकांचे फोटो काढतात, मशिदीत रील बनवतात. भाऊ घरी आला तरी दार वाजवूनच येतो ना?” कवरत्तीची उजरा मशीद सतराव्या शतकातली. तिच्या लाकडी छतावरचे कोरीवकाम पाहून डोळे निवतात. वाहत आलेल्या लाकडावर ते कोरले असे लोक सांगतात. आंद्रोत बेटावर हजरत उबैदुल्लाह यांची कबर आहे. त्यांनीच या बेटांवर इस्लाम आणला अशी तिथली श्रद्धा. अशा ठिकाणी जमातीच्या वेळी नमाजी म्हणून जावे, आणि बाकी वेळी परवानगी घेऊन, मोबाईल खिशात ठेवून पाहावे. जुम्म्याच्या वेळी सहल ठेवू नये. रमजानात जायचे असेल तर रोजेदार म्हणून जावे.

भाषेचा प्रश्नही आपण समजतो तसा नाही. तिथे उर्दू चालत नाही. बहुतेक बेटांवर मलयाळमची जेसरी बोली आहे, आणि मिनिकॉयला महल, जी मालदीवच्या भाषेची बहीण. तिची ताना लिपी उर्दूसारखीच उजवीकडून डावीकडे जाते. आम्ही जेसरीतले चार शब्द शिकून गेलो असतो तरी सलाम मात्र आधीच ठाऊक होता, आणि सगळ्या गल्ल्यांत त्यानेच काम भागले.

आणलेले परत न्या

निघायच्या आदल्या रात्री माषनी एक रिकामी गोणी आमच्यापुढे ठेवली आणि मुलांना कचरा मोजायला सांगितले. चिप्सची पाकिटे, बिस्किटांची वेष्टने, टूथपेस्टची नळी, दोन बॅटऱ्या, पाण्याच्या बाटल्या. “तुमच्या गावात कचरा टाकला की गाडी येते आणि बाहेर नेते. आमच्याकडे बाहेर नाही. पुरला तर विहिरीत येतो, जाळला तर घरात येतो, समुद्रात टाकला तर लगूनमध्ये येतो.” सुकलेली पाने, करवंट्या, सोडणे यांचे त्यांना काहीच ओझे नाही. सोडणे कुजवून त्यांचे सुंभ वळणे हा तर तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. ओझे आहे ते आपण नेलेल्या प्लास्टिकचे. ती गोणी आम्ही जहाजातून कोचीला आणली.

जाणाऱ्यांनी म्हणून घरूनच तयारी करावी. खाऊ डब्यात न्यावा, पाण्यासाठी स्टीलच्या बाटल्या घ्याव्यात, लहान बाळासाठी शक्य तितके कापडी लंगोट न्यावेत, आणि परतीच्या कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी सामानात आधीच ठेवावी. चार दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी जाऊ नये. जहाजाचा शीण जाईपर्यंतच परतायची वेळ येते. आणि एकाच बेटावर राहावे. सगळी बेटे ‘करण्याच्या’ नादात एकही नीट पाहून होत नाही.

माष सांगत होते ते त्यांच्या चार चौरस किलोमीटरांबद्दल. पण आपल्या खाडीकाठच्या गावांतही उन्हाळ्यात विहिरी मचूळ होऊ लागल्या आहेत, आणि पंपांची संख्या दरवर्षी वाढते आहे. मोहल्ल्याबाहेर टाकलेला कचरा पहिल्या पावसात वाहत खाडीत येतो आणि भरतीबरोबर पुन्हा दारात. शाळा सुरू झाल्यावर आम्ही सातवीच्या मुलांना तो नऊ लिटरचा भागाकार फळ्यावर घालून दिला, आणि घरी एका दिवसात किती बादल्या पाणी लागते ते मोजून आणायला सांगितले. वाचकांनीही आपल्या घरी एक दिवस मोजून पाहावे. लक्षद्वीपला जायचे असो वा नसो, माषचा हा सल्ला इथेही लागू पडतो.